दाजींनी वायसरचं पाणी तोडलं

सकाळी फोन वाजला तेव्हा मी मशीनवर बसून एका पडद्याला दुमड घालत होते. पलीकडे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हॅलो नाही, काय चाललंय नाही, एकदम म्हणाले, "वायसर गेला."

माझा पाय पॅडलवरच राहिला आणि पडदा भलतीकडेच शिवला गेला. वायसर म्हणजे त्यांचा कुत्रा. तेरा-चौदा वर्षांचा, तोंडाभोवती पांढरा झालेला, पण परवापरवापर्यंत मला फाटकात बघून शेपटीने कुंडी पाडणारा. मला हुंदकाच फुटला.

"कधी हो?"

"पहाटे कधीतरी. सोफ्याजवळ."

"फार त्रास झाला का त्याला?"

"त्याला कसला त्रास? त्रास तुझ्या ताईला. मघापासून पुसतेय."

"पुसतेय? काय पुसतेय?"

"अगं, म्हणजे काय! गेला ना तो. घरात. मोठं तळं करून ठेवलंय."

त्या घरात कुत्र्याच्या सगळ्या नैसर्गिक विधींना 'जाणे' एवढा एकच शब्द होता. "गेला का?" "गेला." "दोन्हीला गेला?" असं त्यांचं रोज फाटकाशी चालायचं. हे मला माहीत होतं, पण भल्या सकाळी फोनवर अशा आवाजात कुणी 'गेला' म्हटलं तर माणूस दुसरं काय समजणार? माझं रडणं जागच्या जागी थांबलं आणि त्याच्या जागी संताप आला.

"दाजी, मुतला म्हणा ना सरळ! माझ्या काळजाचं पाणी झालं इथे."

"मला शब्दच सुचेना गं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच कापत होता. "आपला वायसर. घरात."

आता हा माणूस एवढा का हादरला हे कळायला माणूसही कळायला हवा आणि कुत्राही.

दाजी नळकाम करतात. आयुष्यभर तेच केलं. शहराच्या जुन्या भागातल्या कुठल्या घरात कुठली लाइन कुठून जाते हे त्यांना भिंत न फोडता सांगता येतं. पण त्यांची खरी ख्याती वेगळीच. कुठल्याही घरात शिरले की पायातल्या चपला काढायच्या आधी ते विचारतात, "मेन कॉक कुठेय?" आणि तो बंद करतात. नळातून थेंब थेंब गळो की भिंतीतून कारंजं उडो, आधी सगळ्या घराचं पाणी बंद, मग बाकीचं बोलणं. त्यामुळे किती जण तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत न्हाणीघरातून ओरडलेत याचा हिशेब नाही. एका बाईंच्या तर डोक्याला रंग होता. दाजींवर ढिम्म परिणाम नाही. "पाणी चालू ठेवून गळती शोधणारा दुरुस्तीला नाही, पोहायला आलेला असतो," असं ते वर ऐकवतात. या सवयीवरून सगळे त्यांना 'मेनकॉक' म्हणतात. तोंडावर म्हटलं तरी चालतं. त्यांना ती पदवी वाटते.

कुत्र्याचं नावही धंद्यातलंच. पिल्लू असताना त्याने दाजींच्या हत्यारांच्या पिशवीत तोंड घातलं आणि नळाचा रबरी वॉशर, म्हणजे यांच्या भाषेत वायसर, गिळून टाकला. दुसऱ्या दिवशी तो सुखरूप बाहेर आला. दाजींनी तो धुऊन परत पिशवीत टाकला आणि कुणाच्या तरी नळाला बसवला असं ताई म्हणते. दाजींनी आजवर हे नाकारलेलं नाही.

त्यांना मूलबाळ नाही. हे मी एका वाक्यात सांगते, कारण ते दोघेही एका वाक्यातच सांगतात. वायसरला दाजींनी स्वतः वळण लावलं. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. फक्त बोट वर करून "नको" म्हणायचं, आणि त्याने थांबायचं. टेबलावर उघडं जेवण ठेवून दाजी "नको" म्हणाले आणि बाहेर निघून गेले, तर ते परत येईपर्यंत वायसर लाळ गाळत तिथेच बसायचा. आणि घरात जाणं? एकदाही नाही. एकदा पोट बिघडलेलं असताना दार बंद होतं, तर हा न्हाणीघरात जाऊन नेमका जाळीवर बसला. "ड्रेनेज लाइन कळते त्याला," असं दाजी पुढची कित्येक वर्षं भेटेल त्याला सांगत होते. पोरगं पहिलं आलं असतं तरी एवढं मिरवलं नसतं.

तर त्या वायसरने सोफ्याजवळ तळं केलं होतं.

मी मशीन बंद करून तिकडे गेले. घर दोन गल्ल्या सोडून. दाजी खुर्चीवर बसले होते, समोर अजून चहा तसाच, त्यावर साय धरलेली. ताई गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती आणि वायसर कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. त्याला कुणी काही बोललं नव्हतं. त्याचं त्यालाच तोंड दाखवायला नको झालं होतं. हे बघून मला इतकं कसंतरी झालं की मी बोलायचंच विसरले, आणि हे माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

मग तिघांची तीन मतं. ताईचं म्हणणं, हे मुद्दाम केलंय. मी तिला सोफ्याचं नवं कव्हर शिवून दिलं होतं आणि तेव्हापासून वायसरला सोफ्यावर बंदी होती. "रुसलाय मेला. सूड उगवतोय." माझं म्हणणं, त्याचं वय झालं, आता डोकं चालेना, आमच्या शेजारच्या आजोबांना नाही का स्वयंपाकघर न्हाणीघर वाटतं. दाजी दोघींचं ऐकून घेत होते, पण नजर होती पाण्याच्या भांड्यावर. वायसरचं स्टीलचं भांडं दाराशी ठेवलेलं असायचं.

"हे हल्ली मी किती वेळा भरतो माहितीये?" ते हळूच म्हणाले. "सकाळी भरलं की दुपारी रिकामं. दुपारी भरलं की चहाच्या वेळेला रिकामं. पूर्वी दिवस जायचा एका भांड्यावर."

"मग?" ताई म्हणाली.

"मग काय? आवक वाढलीय, म्हणून जावक वाढलीय." त्यांच्या चेहऱ्यावर तासाभरात पहिल्यांदा रंग आला. कोडं सुटलं होतं. ते उठले, वायसरच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि भांडं उचलून ओट्यावर ठेवलं.

मेन कॉक बंद.

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू? जास्त पितो म्हणून जास्त होतं, यात न पटण्यासारखं आहे काय? मी हसत हसत म्हटलं, "वा, मेव्हणीला घाबरवून झालं, आता कुत्र्याची लाइन दुरुस्त करा." दाजीही हसले. आम्ही तिघांनी चहा घेतला. कोपऱ्यातून वायसर आमच्या कपांकडे बघत होता.

दाजींनी सुरुवातीला दिवसाचं पाणी निम्म्यावर आणलं. तरी तळं झालंच, या वेळी दाराच्या अगदी अलीकडे. पोचतापोचता राहिला बिचारा. मग सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. वायसर बादलीकडे जायला लागला, तर बादल्या पालथ्या घातल्या. कुंड्यांखालच्या ताटल्या उचलल्या. संडासाचं झाकण लावून त्यावर वीट ठेवली. एक एक वाट बुजवत नेली, जशी ते लोकांकडे जुन्या जोडण्या बुजवतात, तितक्याच मन लावून. ताई नळ सोडून भांडी घासायला उभी राहिली की वायसर येऊन तिच्या पायाशी बसायचा आणि धारेकडे बघत राहायचा. दाजी बोट वर करायचे. "नको." तो मान वळवायचा.

रागाने नाही, हे मी मुद्दाम सांगते. त्याच वेळी ते त्याच्यासाठी जुन्या गादीचा नवा बिछाना करत होते. मला येऊन त्याचं माप देऊन गेले, कापड जाड घाल म्हणाले, त्याची कंबर दुखते. कुत्र्याची अब्रू वाचवायला निघाले होते ते. ताई एकदा चिडून म्हणाली होती की असंच चाललं तर त्याला मागच्या शेडमध्ये ठेवावं लागेल, आणि दाजींनी ते मनाला लावून घेतलं होतं.

मग पुन्हा फोन. आवाजात गुलाल उधळलेला. "गळती थांबली! काल कोरडं, आज कोरडं. म्हटलं होतं की नाही?"

"तुम्ही म्हणजे तुम्हीच दाजी," मी म्हटलं.

त्या दुपारी बिछान्याचं कव्हर तयार झालं म्हणून मी ते द्यायला गेले. ताई कपडे वाळत घालत होती, दाजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. मी स्वयंपाकघरात डोकावले. सिंकखालचं कपाट उघडं होतं आणि आत वायसरचा मागचा भाग दिसत होता. मला वाटलं, उंदीर दिसला असेल. वाकून बघितलं.

थंड पाण्याच्या पाइपाला बाहेरून दव धरतं, तसं धरलं होतं. वायसर ते चाटत होता. जीभ पाइपावर घासल्याचा आवाज येत होता, कोरडा, खरखर, जसा पॉलिश कागदाचा येतो. पाइप केव्हाच चाटून सुकला होता आणि तरी तो चाटतच होता.

माझ्या तोंडून "अगंबाई" एवढंच निघालं. तो बाहेर आला. शेपूट हलवली, पण नुसती टोकाला. त्याच्या तोंडाला कसलातरी उग्र, औषधासारखा वास येत होता. डोळे आत गेले होते. दोन-चार दिवसांत कुत्रा असा होतो? रोज बघणाऱ्यांना दिसलं नाही, मला दारातून दिसलं.

दाजी मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पाइप बघितला, वायसर बघितला, आणि खरंच, कौतुकाने म्हणाले, "बघ लेकाचा! पाइपाला घाम येतो ते बरोबर हेरलं त्याने." आणि पाइपाला गुंडाळायला फडकं शोधू लागले.

मी आयुष्यात पुष्कळ भांडले आहे, पण त्या क्षणी मला भांडताही येईना. समोरचा माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. हा माणूस प्रेमाने फडकं शोधत होता.

"दाजी," मी म्हटलं, "ते फडकं खाली ठेवा. डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? अहो, तो तहानलाय!"

"अगं, सवय लागेपर्यंत वाटतं तसं..."

"सवय? पाण्याशिवाय राहायची?"

माझा आवाज ऐकून ताई ओले हात घेऊन धावत आली. तेवढ्यात वायसर तिच्याकडे जायला निघाला आणि त्याचे मागचे पाय घडी घातल्यासारखे मिटले. तो बसला, पुन्हा उठायला गेला, आणि पिवळा फेस ओकला. मग तसाच आडवा पडून राहिला आणि त्याने दाजींकडे बघितलं. माफी मागितल्यासारखं बघितलं, हे मी शपथेवर सांगते. घरात घाण केली ना त्याने.

दाजींनी त्याला उचललं. एवढा मोठा कुत्रा, एका झटक्यात खांद्यावर.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीण होती, आमच्यापुढे पोरच वाटावी अशी, चष्मा केसांत खोचलेला. तिने वायसरला टेबलावर घेतलं आणि विचारलं, काय झालं. दाजींनी सांगितलं, अगदी गिऱ्हाइकाला सांगतात तसं. "गळती सुरू झाली होती. मी पुरवठा बंद केला. गळती थांबली. पण आता हे असं."

"पुरवठा म्हणजे?"

"पाणी."

"कुणाचं पाणी?"

"ह्याचं."

तिने वायसरच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. मी कापडातली बाई, मला ते लगेच कळलं. कातडी खाली बसायला हवी होती. ती तशीच उभी राहिली, चुणी घातल्यासारखी. ताईने माझा हात घट्ट धरला.

मग डॉक्टरीण एकीकडे सुई लावत, रक्त घेत, एकीकडे विचारत राहिली. झोपेत जातो की जागेपणी? जागेपणी. थेंब थेंब जातो, कण्हतो, की एकदम भरपूर? भरपूर. रंग कसा?

"रंगच नाही हो," ताई म्हणाली. "नुसतं पाणी. वाससुद्धा नाही. पुसायला सोपं जायचं."

डॉक्टरणीने मान वर केली. "पाणी जास्त प्यायला कधी लागला?"

"झाले की काही महिने," दाजी म्हणाले.

"तेव्हा का नाही आणलंत?"

"तेव्हा फरशी कोरडी होती ना."

"वजन?"

दाजींनी आपल्या हातांकडे बघितलं. "हल्ली उचलायला हलका लागतो. मला वाटलं, आपल्या हातात अजून जोर आहे."

यावर एरवी मी हसले असते.

"काका," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात ओरडणं नव्हतं, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण गेलं. "म्हातारा कुत्रा अचानक घरात जायला लागला की लोकांना वाटतं तो बिघडला. रुसलाय, नाहीतर विसरलाय. कधी कधी विसरतातही, माणसांसारखेच. पण ते आम्ही शेवटी धरतो. आधी शरीर तपासायचं. लघवीत इन्फेक्शन असेल तर त्याला दम धरवत नाही. खडा असू शकतो. साखर असू शकते. सांधे दुखत असतील तर दारापर्यंत जाणंच नको होतं. नाहीतर किडन्या. ह्याचं मला किडन्यांचंच वाटतंय. रक्ताचा रिपोर्ट आला की कळेल."

"पण पाणी जास्त पीत होता म्हणून तो जास्त जात होता," दाजी म्हणाले. इतकी वर्षं ज्या खात्रीने भिंतीवर बोट ठेवत आले, त्याच खात्रीने.

"उलटं, काका. जास्त जात होतं म्हणून तो पीत होता. किडन्या थकल्या की अंगात पाणी धरून ठेवता येत नाही, वाहून जातं. जेवढं जातं तेवढं भरून काढायला तो सारखा पीत होता. पीत होता म्हणूनच इतके दिवस पायांवर उभा होता."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. दाजी भिंतीशी असलेल्या बाकावर बसले. शेजारी कुणाच्यातरी मांजराची टोपली होती, ती त्यांनी न बघता जवळ ओढून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. आतलं मांजर गुरगुरत होतं. त्याची मालकीण बघत होती, पण टोपली परत मागण्याचं धाडस तिलाही झालं नाही.

खूप वेळाने ते माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन दिवस कोरडं होतं ना, ते थांबलं म्हणून नव्हतं. टाकी रिकामी झाली होती. मी रिकामी टाकी बघून म्हटलं, काम झालं." आणि मग, "कुणीही सांगितलं असतं मला. धंद्याला नुकताच लागलेला पोरगा असता तर त्यानेही सांगितलं असतं."

मी त्यांना बोलायला टपलेलीच होते. सगळं तोंडात तयार होतं. मी मांजराची टोपली त्यांच्या मांडीवरून काढून मालकिणीला दिली.

रिपोर्ट आला. किडन्याच होत्या. बऱ्याचशा आधीच निकामी झालेल्या, आणि उरल्यासुरल्या ताकदीला या पाणी तोडण्याने जबर फटका दिलेला. जगेल का, असं ताईने विचारलं. "बघू," डॉक्टरीण म्हणाली. हा शब्द मी गिऱ्हाइकांना रोज वापरते, पडदे कधी मिळतील विचारलं की. तो इतका भयंकर शब्द आहे हे मला माहीत नव्हतं.

वायसरला तिथेच ठेवून घेतलं. पुढच्या पायाची हजामत केली, सलाइन लावलं. दाजी रोज दवाखाना उघडायच्या आधी दारात आणि बंद करताना हाकलेपर्यंत आत. कामं सोडली. लोकांचे नळ गळत राहिले. मी डबा द्यायला जायची तेव्हा ते पिंजऱ्याशेजारी स्टुलावर बसलेले असायचे आणि नजर सलाइनच्या नळीवर. थेंब पडतोय का, बघत. जरा हळू झाला की लगेच उठून हाक मारायचे. जन्मभर ज्यांनी थेंब बंद करायचं काम केलं, ते थेंब बंद पडेल म्हणून घाबरून बसले होते. वायसर पडल्या पडल्या त्यांचा हात हुंगायचा. त्याच्या मनात काही नव्हतं. तेच दाजींना सोसत नव्हतं.

"एकदा चावला असता तर बरं झालं असतं," ते मला म्हणाले.

हळूहळू रक्ताच्या रिपोर्टमधले आकडे उतरले. वायसर मान वर करून बसू लागला, मग उभा राहिला, मग अंगणात नेल्यावर गेला, आणि डॉक्टरणीने ताईला खूण करून सांगितलं की न्या घरी. पण दाजींना समोर बसवून तिने स्पष्ट बजावलं. "गेलेलं परत येत नाही. आहे त्यावर तो काही महिने, नशीब असेल तर त्याहून जास्त काढेल. गोळ्या, वेगळं खाणं, आणि सगळ्यात आधी पाणी. हवं तेव्हा, हवं तेवढं. बाहेर जास्त वेळा न्या. घरात झालंच तर पुसायचं आणि गप्प बसायचं. तो प्यायला नाही, तर परत इथे येईल. आणि दुसऱ्या वेळी माझ्या हातात फारसं काही नसेल."

दाजींनी घरी येऊन सगळं घर पाण्याने भरलं. दाराशी भांडं, ओट्याखाली भांडं, बिछान्याजवळ भांडं, जिन्याशी भांडं. चालायची सोय उरली नाही. माझा पाय एकात पडलाच. ताईने माझं ते नवं कोरं कव्हर स्वतः काढून घडी करून ठेवलं आणि सोफ्यावर जुनी चादर टाकली. म्हणाली, "बसू दे त्याला कुठेही." मला जराही राग आला नाही.

वायसर घरभर हुंगून आला. बिछान्यावर बसला. दाजी त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि भांडं पुढे सरकवलं.

"पी."

वायसरने पाण्याकडे बघितलं. मग दाजींकडे. आणि मान वळवली.

"पी ना रे राजा."

तो आणखी ताठ बसला. पाठ सरळ, कान मागे, शेपटी जमिनीवर हळू आपटत. शहाण्या कुत्र्याने बसायचं तसा.

दाजींनी भांडं बदललं. पाणी बदललं. कोमट केलं, गार केलं. बोटं बुडवून त्याच्या ओठांना लावायला हात पुढे नेला, तर वर आलेलं बोट बघून वायसर बिछान्यावरून उठून मागे सरला आणि भिंतीला टेकून बसला. त्याची जीभ किंचित बाहेर आलेली दिसत होती. डोळे भांड्यावर होते. पण हलला नाही. दुपार होत आली. दाजींनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरणीने संध्याकाळपर्यंत वाट बघा म्हटलं, नाही प्यायला तर घेऊन या.

दाजी फोन ठेवून आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. "गिळता येत नसेल का त्याला? घशाला काही झालं असेल का?"

ताई मघापासून दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. माझी ताई कमी बोलते. आमच्या घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर जा."

"मी? का?"

"तुम्ही समोर आहात म्हणून तो पीत नाही."

दाजी तिच्याकडे बघत राहिले. मग वायसरकडे. दवाखान्यात त्यांना धक्का बसला होता तो मी बघितला होता, पण हे काहीतरी निराळं होतं. तेव्हा ते खचले होते. आता नुसते उभे होते, आणि समजलेलं सगळं चेहऱ्यावर एका जागी येऊन थांबलं होतं.

"मी तर पी म्हणतोय," ते म्हणाले. अगदी लहान आवाजात.

ताई चौकटीतून बाजूला झाली.

ते उठले. वायसरही त्यांच्याबरोबर जायला धडपडत उठला. दाजी त्याच्याकडे न बघता दारापर्यंत गेले, बाहेर आले, आणि दार ओढून घेतलं. मीही त्यांच्यामागे आले. पायरीवर ऊन होतं. ते बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, दाराकडे पाठ करून. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी चटई झटकत होतं.

आत काही आवाज नव्हता. मग नखांचा फरशीवरचा आवाज, चार पावलं, थांबला. पुन्हा दोन. दाजींनी श्वास धरला होता, मला त्यांचे खांदे दिसत होते.

मग लपलप ऐकू आलं. अधाशी, न थांबणारं, भांडं फरशीवर सरकत चाललेलं.

"पितोय का गं?" दाजींनी मान न वळवता विचारलं.

"पितोय," आतून ताई म्हणाली. "दुसऱ्या भांड्याकडे गेला. तुम्ही आत येऊ नका."

"नाही येत," दाजी म्हणाले, आणि आणखी एक पायरी खाली जाऊन बसले.